वाइन महोत्सवाच्या दोन दिवसांत रस्त्यावरचं दुकान कसं सांभाळायचं

नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर, गोवर्धन, सावरगाव, गंगाव्हरे असा हा पट्टा. एरवी इथल्या दुकानात दुधाची पिशवी, साखर-चहापत्ती, काडेपेटी आणि फोनचं रिचार्ज एवढाच व्यवहार चालतो. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम लागला की रस्ता बदलतो. कुठल्या वायनरीत द्राक्षं तुडवायचा खेळ असतो, कुठे हस्तकलेचा बाजार भरतो. सगळ्यात मोठा धुरळा उडतो तो सुला वायनरीच्या महोत्सवाला, सुला फेस्टला. २००८ साली सुरू झालेला हा महोत्सव करोनामुळे मध्ये काही वर्षं बंद होता. तो पुन्हा सुरू झाल्यापासून महोत्सवाच्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग पुन्हा आपल्या ओट्यासमोरून जाते.

गावातली बरीच पोरं-पोरी या दोन दिवसांपुरती दुकानावर उभी राहतात. कुणी भाच्याच्या नात्याने, कुणी रोजावर. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि आयत्या वेळी सगळं ‘होईल तसं होईल’ म्हणणाऱ्या मालकांसाठीही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हा ग्राहक खरेदीला आलेलाच नसतो. तो विसरलेली वस्तू घ्यायला येतो. चार्जरची केबल घरी राहिली, सँडलचा पट्टा तुटला, डोकं उन्हाने तापलं, संध्याकाळी थंडी वाजली. त्याला दुकान बघायचं नसतं, दोन मिनिटांत परत गाडीत बसायचं असतं. म्हणून माल, मांडणी, सुटे पैसे आणि बोलणं, सगळं त्या दोन मिनिटांच्या हिशेबाने लावायचं. याला अपवाद एकच, कलावस्तू घेणारा ग्राहक. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

माल : तीन आठवडे आधी

पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात करा, पण अर्ध्या लिटरच्या जास्त आणि लिटरच्या कमी घ्या. हातात धरून चालायला अर्धा लिटरच बरी पडते. एजन्सीवाल्याशी आधीच बोलून ठेवा की सीलबंद उरलेले बॉक्स सोमवारी परत घेणार का. तो ‘बघू’ म्हणाला तर नाही म्हणाला असंच समजा आणि ऑर्डर त्या हिशेबाने द्या. फ्रीजमध्ये बाटल्या शुक्रवारी रात्रीच लावायच्या. शनिवारी सकाळी लावलेलं पाणी दुपारी कोमटच असतं, आणि कोमट पाणी कुणी घेत नाही.

थंडीचा माल बहुतेक दुकानदार विसरतात. फेब्रुवारीत नाशिकला दुपारी तिशीपर्यंत पारा जातो आणि रात्री दहा-बारा अंशांवर उतरतो. मुंबईहून आलेल्यांना हे माहीत नसतं. ते बिनबाह्यांच्या कपड्यांत येतात आणि सूर्य गंगापूर धरणामागे गेला की काकडायला लागतात. साध्या शाली, स्टोल, कानटोप्या, स्वस्तातले हूडी संध्याकाळी सहानंतर बाहेर टांगा. दुपारी त्याच खिळ्यांवर टोप्या आणि गमछे लटकवा. खिळे तेच, माल बदलायचा.

बाकीची यादी अशी : टाइप-सी आणि आयफोनच्या केबल, सेफ्टी पिना, फेविक्विक, जखमेवरच्या चिकटपट्ट्या, सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, सनस्क्रीनचे छोटे पाऊच, ओडोमॉस, ओआरएसची पाकिटं, केळीचे वेफर्स, शेव, चिवडा. कॉर्कस्क्रू पाच-सहा ठेवा. हल्ली बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, पण ज्याच्या हातात बूच असलेली बाटली असते तो ती उघडण्यासाठी काहीही किंमत मोजायला तयार असतो. डोकेदुखीच्या गोळ्या मागतील. त्या मेडिकलमधूनच घ्यायला सांगा आणि जवळचं मेडिकल किती वाजता बंद होतं ते माहीत असू द्या.

द्राक्षांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण प्रश्न सगळ्यात जास्त त्यावरच येतात. ‘हीच वाइनची द्राक्षं का?’ हा पहिला. उत्तर सरळ द्या : नाही, ही खायची आहेत. थॉमसन, सोनाका, शरद ही खायची. वाइनला लागणारी शिराझ, कॅबरने, शेनिन ही वेगळी. त्यांचे मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि ती बाजारात येत नाहीत, थेट वायनरीत जातात. दुसरा प्रश्न मण्यांवरच्या पांढुरक्या थरावरून येतो. ग्राहक बोटाने पुसून विचारतो, ‘हे औषध आहे ना?’ तो सालीवरचा नैसर्गिक मेणाचा थर असतो. घड हाताळला की तो पुसला जातो, म्हणून जितका थर शाबूत तितका घड कमी हाताळलेला. फवारणीचे वाळलेले थेंब वेगळे दिसतात, ते ठिपक्या-ठिपक्यांचे असतात. दोन्ही दाखवून द्या आणि वर सांगा, ‘ताई, तरी धुऊनच खा.’ असं बोलणाऱ्या दुकानातून माणूस दोन किलो घेऊन जातो.

अर्ध्या आणि एक किलोची खोकी आधीच भरून ठेवा. तराजूवर घड तोडत बसलात की मागे रांग लागते आणि खाली पडलेल्या मण्यांवर कुणीतरी घसरतं.

काय विकायचं नाही

वाइन विकायची नाही. मोठ्या किराणा दुकानांतून आणि सुपरमार्केटमधून वाइन विकू द्यावी असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो अंमलात आला नाही. शिवाय तो १,००० चौरस फुटांवरच्या दुकानांसाठी होता, आपल्या टपरीसाठी नव्हे. तेव्हा कुणी ‘दोन बाटल्या तुमच्याकडे ठेवून विकून टाका’ म्हणालं, तर हसून नाही म्हणा. कुणाची बाटली सांभाळायलाही ठेवू नका. तपासणीला आलेल्यांना ती कुणाची आहे हे पटवून देणं तुमच्या गळ्यात पडतं.

सुट्टी सिगारेट राज्यात २०२० पासून बंद आहे. लोक ती हटकून मागतात. पाकीट दाखवा, नको असेल तर नको. अठराच्या आतल्याला तंबाखू द्यायचीच नाही, मग तो ‘पप्पांसाठी’ म्हणो की आणखी कुणासाठी.

प्लास्टिकची पिशवी काउंटरखालीही ठेवू नका. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये दंड आहे. गर्दीच्या दिवशी पथकं फिरतात. दोन दिवसांची कमाई एका पावतीत जाते. कागदी पिशव्या आणि थोड्या कापडी पिशव्या ठेवा. कापडी पिशवीचे पैसे लावले तरी कुणी कुरकुर करत नाही, उलट तिच्यावर वारलीची नक्षी असली तर चार जास्त नेतात.

आणि छापील किमतीवर एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही. ‘थंड करायचे दोन रुपये’ ही आपल्याकडची जुनी सवय कायद्यात बसत नाही. या गर्दीतला प्रत्येक दुसरा माणूस पावतीचा फोटो काढणारा असतो. पैसे मिळवायचे ते शाली, द्राक्षं, कापडी पिशव्या यांवर मिळवा.

मांडणी

एरवीची मांडणी दोन दिवसांपुरती मोडावी लागते. काउंटरच्या डाव्या टोकाला पाणी, वेफर्स आणि केबल एवढंच ठेवा आणि तिथे एक माणूस फक्त त्यासाठी उभा करा. त्याने दुसरं काही काढायला आत जायचं नाही. नव्वद टक्के गर्दी तिथल्या तिथे सुटते. उजवीकडे निवांत ग्राहक : द्राक्षं, शाली, कलावस्तू. मध्ये एक दोरी किंवा रिकामे क्रेट रचून रांगा वेगळ्या करा.

किमती मोठ्या अक्षरांत लिहून लावा, मराठीत आणि इंग्रजीत. ‘कितीला?’ हा प्रश्न टळला की दिवसाचा अर्धा घसा वाचतो. त्याच पाटीखाली आणखी तीन ओळी हव्यात : स्वच्छतागृह कुठे, गाडी कुठे लावायची, नाशिककडे जायला रिक्षा-टॅक्सी कुठे मिळते. या तीन गोष्टी विचारायला येणारे खरेदी करणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.

दुकानासमोर गाड्या लावू द्यायच्या नाहीत. एक एसयूव्ही तिरकी लागली की पुढची दहा मिनिटं कुणाला दुकान दिसतच नाही. दोन जुन्या टायरांत काठ्या रोवून ठेवा, भांडण न करता काम होतं.

गल्ला आणि मोबाइल

सुटे पैसे गुरुवारी बँकेतून आणा. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी वाटतात त्याच्या दुप्पट लागतात. शंभरच्या नोटा येतातच, त्या साठवायची गरज नाही. पाचशेची नोट घेतली की ती गल्ल्यात टाकण्याआधी काउंटरवर ठेवा, सुटे परत द्या, मगच आत टाका. ‘मी पाचशे दिले होते’ हा वाद तिथेच मिटतो.

यूपीआयचं दुखणं वेगळंच. दुपारी चारनंतर हजारो फोन एकाच टॉवरवर येतात आणि नेटवर्क मान टाकतं. ग्राहकाच्या फोनवर गोल चक्र फिरत राहतं, मागे रांग वाढते. यावर तीन उपाय चालतात. घरचं ब्रॉडबँड असेल तर त्याचा वायफाय दुकानापर्यंत आणा आणि ‘गेस्ट’ पासवर्ड पाटीवर लिहा. दुसरं, साउंडबॉक्समधलं सिम वेगळ्या कंपनीचं घेता येतं का ते बघा. तिसरं, लहान रकमेला ग्राहकाला यूपीआय लाइट वापरायला सुचवा, पिन टाकायची कटकट नसते म्हणून ते लवकर सुटतं.

पैसे आले की नाही हे साउंडबॉक्सच्या आवाजावरून किंवा स्वतःच्या फोनवरच्या नोंदीवरून ठरवायचं. ग्राहकाच्या फोनवरचा हिरवा टिक आणि स्क्रीनशॉट यांच्यावर कधीही नाही. खोट्या पावत्या दाखवणारी ॲप आहेत. हे तोंडावर म्हणायची गरज नाही. ‘दादा, आमच्याकडे अजून बोलला नाही, एक मिनिट थांबा’ एवढं पुरे. प्रामाणिक माणूस थांबतो.

क्यूआर कोडचा कागद दर दोन-तीन तासांनी बघत जा. गर्दीत त्यावर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवून जाणारे असतात. कोड काउंटरच्या आतल्या बाजूला, काचेखाली ठेवलेला बरा.

गावची गिऱ्हाइकं

इथे सगळ्यांचं चुकतं. दोन दिवस पाहुण्यांच्या मागे लागायचं आणि तीनशे त्रेसष्ट दिवस ज्यांच्यावर दुकान चालतं त्यांना ‘नंतर या’ म्हणायचं. नंतर ते येत नाहीत, गोवर्धनच्या दुसऱ्या दुकानात जातात.

म्हणून सकाळी सहा ते नऊ दुकान फक्त गावाचं. दूध, ब्रेड, अंडी, चहापत्ती, डाळ. पाहुणे अकराच्या आधी उठत नाहीत. म्हाताऱ्या माणसांना आदल्या दिवशी फोन करून विचारा, ‘आजी, उद्या गर्दी आहे, काय लागतं ते आज पाठवू का?’ पोऱ्याच्या हाती पाठवून द्या. उधारीची वही दोन्ही दिवस वेगळ्या खणात ठेवा. गल्ल्यावर नवखा माणूस असेल तर वहीतली नावं त्याला वाचून दाखवा, नाहीतर तो सखाराम काकांनाही ‘कॅश का यूपीआय?’ विचारणार आणि काका वर्षभर ते ऐकवणार.

कलावस्तू

महोत्सवाच्या जवळपास पेठ, हरसूल, डहाणूकडचे चित्रकार येतात. सगळ्यांना आतल्या बाजारात जागा मिळत नाही किंवा स्टॉलचं भाडं परवडत नाही. काही जण तुमच्या ओट्यावर माल ठेवायला मागतील. ठेवा, पण तोंडी नाही.

एक साधी चलन-वही घ्या. प्रत्येक वस्तूला नंबर, वर्णन, कलाकाराने सांगितलेली किंमत, तुमचं कमिशन, आणि तुटलं-फुटलं तर कुणाचं नुकसान, हे दोन प्रतींत लिहून दोघांनी सही करायची. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. कमिशनचा आकडा गावागणिक बदलतो. जो ठरेल तो ठरेल, पण विक्रीनंतर तो बदलायचा नाही.

ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, ‘हे हाताने काढलंय ना?’ उत्तर देता आलं पाहिजे. वारली चित्र जवळून बघा. हाताने काढलेल्या रेषेची जाडी बदलते. बांबूच्या काडीने काढलेल्या माणसाच्या दोन त्रिकोणांपैकी एक जरा लठ्ठ, एक जरा वाकलेला असतो, रंग मध्येच पातळ होतो. छापील असेल तर त्याच माणसाची हुबेहूब प्रत चार ठिकाणी दिसते आणि पांढरा रंग बोटाला लागत नाही, नुसता कापडाचा पोत लागतो. छापील माल विकणं गुन्हा नाही, हाताचा म्हणून विकणं वाईट. दोन्हींच्या किमती आणि पाट्या वेगळ्या ठेवा. कुणी इतिहास विचारलाच, तर वारली चित्रांना घरच्या भिंतींवरून कागदावर आणणारे जिव्या सोमा म्हशे होते आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, एवढं सांगता आलं तरी समोरचा माणूस पाच मिनिटं जास्त थांबतो.

किमतीवरून घासाघीस होणार. कलाकार तिथे असेल तर ती त्याच्याशी होऊ द्या. नसेल तर वहीत लिहिलेल्या किमतीच्या खाली तुम्ही जायचं नाही. ‘किंमत त्यांची आहे काका, मी कमी करू शकत नाही, फोन लावून देऊ का?’ बहुतेक जण फोन लावू देत नाहीत आणि पैसे काढतात.

बांधणं हा खरा कौशल्याचा भाग. गेरू किंवा शेणाच्या थरावर काढलेलं कापड कधीही घडी घालू नका, घडीवर थर फुटतो. चित्राची बाजू बाहेर ठेवून जाड पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळा, वर बटर पेपर, मग कागद. कापड दुकानात मिळणाऱ्या ताग्यांच्या रिकाम्या नळ्या आधीच मागून ठेवा, फुकट मिळतात. काचेची फ्रेम असेल तर काचेवर मास्किंग टेपची फुली मारा. काच फुटली तरी तुकडे चित्रावर घसरत नाहीत. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण लावा आणि गाडीत ती उभी ठेवायला सांगा, आडवी नाही. मातीची भांडी असतील तर आत भाताचा पेंढा ठासून भरा, नुसतं बाहेरून गुंडाळून उपयोग नाही, कारण भांडं आतल्या पोकळीमुळे दबतं. शेवटी पार्सलवर कलाकाराचा नंबर लिहिलेली चिठ्ठी लावा, त्याला विचारूनच. पुढची ऑर्डर थेट त्याला गेली तर तुमचं कमिशन जातं हे खरं, पण पुढच्या वर्षी तो तुमच्याच ओट्यावर येतो.

पिऊन आलेला ग्राहक

संध्याकाळी साडेसातनंतर हे होणारच. बहुतेक जण खुशीत असतात, त्रासदायक नसतात. बोलणं लहान ठेवा, आवाज खाली ठेवा, थट्टेत सामील होऊ नका. पैसे दोनदा मोजून दाखवा. सामान पिशवीत घालून हातात द्या, काउंटरवर सोडलं की राहून जातं.

हातात गाडीची किल्ली दिसली तर पाणी द्या आणि विचारा, ‘दादा, गाडी कोण चालवतंय?’ यात आगाऊपणा नाही. दारू पिऊन पहिल्यांदा पकडलं तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि गंगापूर रोडला नाकाबंदी असतेच. गावातल्या दोन-तीन टॅक्सीवाल्यांचे नंबर पाटीवर ठेवा. कुणी फारच हुल्लड करत असेल, मुलींच्या मागे लागत असेल, तर स्वतः भिडायचं नाही. ११२ लावायचा आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारायची. रात्री काउंटरवर एकट्या मुलीला ठेवायचं नाही. तिला घरी सोडायची जबाबदारी मालकाची, आणि ती कामावर ठेवतानाच ठरवून घ्यायची.

कामाच्या वेळाही तेव्हाच ठरवा. सलग बारा तास उभा राहिलेला पोरगा रात्री नऊला पाचशेचे सुटे चुकीचे देतो. दुपारी दोन ते चार गर्दी ओसरते, तेव्हा पाळीपाळीने जेवून घ्या. भाकरी काउंटरखाली बसून खाऊ नका, मागे जाऊन खा.

दुकान बंद करताना

गल्ला दोघांनी मोजायचा, शटर अर्धं खाली ओढून. रोकड, यूपीआय आणि कलाकारांचे पैसे अशा तीन वेगळ्या नोंदी. कलाकारांचे पैसे लगेच पाकिटात घालून वर नाव लिहा, दुकानाच्या पैशांत मिसळलेला पैसा सोमवारी शोधावा लागतो. शनिवारची रोकड रात्री दुकानात ठेवू नका. महिन्याचा पहिला शनिवार असेल तर बँक उघडी असते, दुपारपर्यंतचा गल्ला तेव्हाच भरून टाका.

ओट्यासमोरच्या काचा रात्रीच झाडून घ्या, बॅटरी लावून. सकाळी अनवाणी दूध न्यायला येणारी पोरं असतात. काचा जाड खोक्यात भरून त्यावर ‘काच’ असं लिहा, घंटागाडीवाल्याचा हात कापू नये म्हणून.

सोमवारी सकाळी उरलेल्या मालाचे फोटो काढा, सीलबंद खोकी एजन्सीला परत पाठवा, न विकलेल्या चित्रांची चलन-वहीप्रमाणे मोजदाद करून ती कलाकाराच्या ताब्यात द्या आणि त्याची सही घ्या. आणि वहीच्या शेवटच्या पानावर ग्राहकांनी मागितलेल्या पण आपल्याकडे नसलेल्या वस्तूंची यादी लिहून ठेवा. पुढच्या जानेवारीत एजन्सीवाला आला की त्याच पानावरून ऑर्डर सांगायची.